एक सूत कुठे गेलं?

सुतारांच्या भाषेत एका इंचाचे आठ सूत होतात. म्हणजे एक सूत साधारण 3.2 मिलिमीटर. हे माप मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. ते शिकलो मामाच्या वर्कशॉपमध्ये, एका मिस्त्रीकडून, आणि तेही त्यांच्यावर चुकीचा आळ घेतल्यावर.

मामाचं साताऱ्याजवळ फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने एक सेकंडहँड सीएनसी राउटर घेतला. राउटर म्हणजे घरातला वायफायचा डबा नव्हे. हे लाकूड कापायचं यंत्र. वर गरगर फिरणारं पातं, खाली टेबल, आणि पात्याला डावी-उजवीकडे, मागे-पुढे, वर-खाली नेणारे लांब स्क्रू. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, फाइल द्यायची, यंत्र प्लायमधून ती कापून काढतं.

दिवाळीच्या आधी देव्हाऱ्याच्या दोन दारांची ऑर्डर होती. दोन्ही दारांवर जाळी, आणि मधोमध कमळ. अर्धं कमळ डाव्या दारावर, अर्धं उजव्या. दारं मिटली की कमळ पूर्ण व्हायला हवं. ते झालं नाही. डावं दार बरोबर होतं. उजव्या दारावरच्या पाकळ्या कडेपासून एक सूत सरकलेल्या होत्या.

मामाने मला फोन केला, कारण घरात 'कॉम्प्युटरवाला' मीच. मी फाइल तपासली. फाइल बरोबर होती. स्क्रीनवरचे आकडे बरोबर होते. मग मी जे वाक्य बोललो ते अजून आठवतं : "मशीन चुकत नाही मामा. प्लाय हलला असणार." प्लाय टेबलावर आवळायचं काम मिस्त्रींचं. ते म्हणाले, "चार ठिकाणी आवळलाय दादा, जागचा हलला नाय." पण माझ्याकडे आकडे होते आणि त्यांच्याकडे फक्त शब्द होता. दोन प्लाय वाया गेले होते. त्यांचे पैसे मामाने मिस्त्रींच्या पगारातून कापले.

पुढे काय झालं ते सांगतोच. पण त्यानंतर मी यंत्रांच्या अचूकतेचा इतिहास वाचत सुटलो, आणि लक्षात आलं की मी केलेली चूक फार जुनी आहे. यंत्र कुठे आहे असं आपल्याला वाटतं आणि ते खरोखर कुठे आहे, या दोन गोष्टींमध्ये नेहमीच फट असते. गेली अडीचशे वर्षं माणसं त्या फटीत बोट घालून बघत आली आहेत.

समुद्रावरची एक कला

अठराव्या शतकातल्या खलाशाची अडचण कल्पून बघा. चहूकडे पाणी. उत्तर-दक्षिण किती आलो हे सूर्याच्या उंचीवरून कळतं, पण पूर्व-पश्चिम किती आलो हे कळत नाही. जहाजं खडकांवर आपटत, माणसं मरत. 1714 मध्ये ब्रिटिश संसदेने रेखांश शोधण्याच्या पद्धतीसाठी मोठं बक्षीस जाहीर केलं, ते यामुळेच.

त्यावरचा एक उपाय म्हणजे चंद्राकडे बघणं. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो. चंद्र आणि एखादा तारा यांच्यातला कोन मोजला, की पंचांगासारख्या कोष्टकावरून ग्रीनिचला किती वाजले हे काढता येतं. पण कोन मोजण्यात एका कलेची, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली, तर वेळेत सुमारे दोन मिनिटांची चूक होते. दोन मिनिटांत पृथ्वी अर्धा अंश फिरते. विषुववृत्तावर याचा अर्थ सुमारे 55 किलोमीटर. किनारा अजून लांब आहे असं समजून तुम्ही झोपता, आणि पहाटे जहाज खडकावर.

म्हणजे सगळा भरवसा कोन मोजायच्या उपकरणावरच्या बारीक खुणांवर. त्या खुणा हाताने करत. लंडनमधले जॉन बर्डसारखे कारागीर कंपास घेऊन पितळेच्या पट्टीवर एकेक रेघ ओढत. काम अफाट कौशल्याचं, वेळखाऊ आणि महाग.

यॉर्कशरमधल्या जेसी रॅम्सडेनने यासाठी यंत्र केलं. त्याचं सुधारलेलं यंत्र 1770 च्या दशकाच्या मध्यात तयार झालं. 45 इंच व्यासाचं आडवं चाक, त्याच्या कडेला 2,160 दाते, आणि त्या दात्यांत अडकलेला एक स्क्रू. स्क्रूचा एक पूर्ण फेरा म्हणजे चाक एक दाता पुढे. 2,160 ला 360 ने भागा : स्क्रूचे सहा फेरे म्हणजे बरोबर एक अंश. पायाने पॅडल दाबायचं, स्क्रू ठरल्याइतका फिरतो, एक रेघ ओढायची. नवशिक्या माणूसही आता बर्डच्या तोडीच्या खुणा करू शकत होता.

इथे एक गोष्ट बघा. मामाच्या राउटरमध्ये नेमकं हेच आहे. फरक इतकाच की पॅडलच्या जागी मोटर आणि चाकाच्या जागी टेबल. फिरणं मोजायचं, आणि त्यावरून सरकणं झालं असं मानायचं.

पण मग स्क्रू चुकीचा असला तर? अचूक स्क्रू करायला अचूक स्क्रूच लागतो, तो आणायचा कुठून? रॅम्सडेनने चुकीची सरासरी काढली. दाते कापणारा स्क्रू त्याने चाकाभोवती पुन्हा पुन्हा फिरवला. एखादा दाता जास्त खोल, एखादा कमी. दर फेऱ्याला ते एकमेकांशी जुळत गेले. एकट्या दात्याची चूक सगळ्यांत वाटली जाऊन बारीक झाली.

रेखांश मंडळाने त्याला एकूण 615 पौंड दिले, पण अटी घातल्या. यंत्राचं वर्णन छापून प्रसिद्ध करायचं, इतर कारागिरांना ते शिकवायचं, आणि दुसऱ्यांच्या उपकरणांवरही ठरलेल्या दराने खुणा करून द्यायच्या. ते पुस्तक 1777 मध्ये निघालं. आजच्या भाषेत सांगायचं तर सरकारने पैसे देऊन प्रोजेक्ट ओपन सोर्स करून घेतला.

तंबूतले सहा आठवडे

रॅम्सडेनच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी एक विल्यम कॅरी. त्याने केलेला 36 इंची चाकाचा आणि सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट विल्यम लॅम्ब्टनने भारताच्या सर्वेक्षणासाठी मागवला. तोही सरळ आला नाही. वाटेत फ्रेंचांनी जहाज पकडलं, उपकरण मॉरिशसला नेलं, आणि मग सौजन्य म्हणून मद्रासला पाठवून दिलं. 1802 मध्ये लॅम्ब्टनने मद्रासजवळ काम सुरू केलं.

1808 मध्ये तंजावरला हा थिओडोलाइट देवळाच्या उंच गोपुरावर चढवताना दोर तुटला आणि तो भिंतीवर आदळला. चाक वेडंवाकडं झालं. त्या चाकावरच्या खुणांवर सगळा नकाशा उभा राहणार होता, आणि नवीन चाक लंडनहून यायला वर्ष-दोन वर्षं सहज गेली असती.

लॅम्ब्टनने उपकरण तंबूत नेलं आणि स्वतःला कोंडून घेतलं. जवळजवळ सहा आठवडे तो पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून ते चाक रेसारेसाने ओढत राहिला. शेवटी चाक पुन्हा गोल झालं आणि पुढची अनेक वर्षं कामाला आलं. लॅम्ब्टन 1823 मध्ये सर्वेक्षण पुढे नेत असतानाच वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथे आहे.

ही गोष्ट मला सारखी आठवते. थिओडोलाइटचं चाक पितळेचं असलं तरी त्याची अचूकता पितळात नव्हती. दर खुणेला, 'तू खरंच तिथे आहेस का?' असं विचारणारा माणूस शेजारी होता, तोवरच ती होती.

ज्याच्या निकालावर अपील नाही

लंडनमध्ये याच काळात हेन्री मॉडस्ले स्क्रूच्या मागे लागला होता. 1800 च्या आसपासचा त्याचा स्क्रू कापणारा लेथ आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. एका लांब स्क्रूने हत्यार पुढे सरकवायचं आणि समोरच्या सळईवर आटे पाडायचे, ही त्या लेथची कल्पना. त्याआधी आटे बरेचदा हातानेच पाडत, त्यामुळे प्रत्येक नट आपल्याच बोल्टशी लग्न केलेला. दुसऱ्याला बसेल तर शपथ.

त्याने केलेल्या एका स्क्रूची कीर्ती मोठी आहे. लांबी पाच फूट, जाडी दोन इंच, आणि दर इंचाला 50 आटे. त्यावर बसणारा नट एक फूट लांब, म्हणजे आत 600 आटे. इतका लांब नट कशाला? रॅम्सडेनचंच तत्त्व. एखादा आटा थोडा पुढे, एखादा थोडा मागे. नट एकाच वेळी 600 आट्यांवर टेकलेला असेल तर कुणा एकाच्या चुकीने तो फारसा हलत नाही. वारीत एकाचं पाऊल चुकलं म्हणून दिंडी थांबत नाही, तसंच.

मॉडस्लेने 1805 च्या सुमारास टेबलावर ठेवायचा एक मायक्रोमीटर केला. त्याचं टोपणनाव होतं 'लॉर्ड चॅन्सेलर'. हा त्या काळातला इंग्लंडचा सर्वोच्च न्यायाधीश. एखाद्या भागाच्या मापावरून कारखान्यात वाद झाला की प्रकरण या मायक्रोमीटरपुढे यायचं, आणि त्याचा निकाल शेवटचा.

मला या टोपणनावात एक साधा न्याय दिसतो. भाग करणारा कामगार आणि भाग नाकारणारा मुकादम, दोघांपेक्षा मोठं असं काहीतरी त्या कारखान्यात होतं, आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. मामाच्या वर्कशॉपमध्ये लॉर्ड चॅन्सेलरच्या खुर्चीत मी बसलो होतो. आणि मी काहीच मोजलं नव्हतं.

सूर्याच्या प्रकाशातली भुतं

आता अमेरिकेत, बाल्टिमोरला. 1880 चं दशक. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला भौतिकशास्त्रज्ञ हेन्री रोलंड धातूच्या चकचकीत पत्र्यावर हिऱ्याच्या टोकाने समांतर रेघा ओढत होता. एका इंचात 14,438 रेघा. अशा पत्र्यावर प्रकाश पडला की त्यातले रंग वेगळे होतात आणि सूर्यात कोणती मूलद्रव्यं आहेत हे वाचता येतं. प्रत्येक रेघेनंतर पत्रा किती सरकवायचा हे ठरवत होता, अर्थातच, एक स्क्रू.

रोलंडचं यंत्र तळघरात होतं, कारण तापमान जरा बदललं तरी धातू फुगतो किंवा आकसतो. आणि स्क्रू करण्यात तो इतका मुरला की एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या नवव्या आवृत्तीत 'स्क्रू' या विषयावर त्याने अचूक स्क्रू कसा करावा हे सविस्तर लिहिलं. लांब नटाचे तुकडे करून तो स्क्रूवर तासन्‌तास घासायचा, म्हणजे दोघांच्या चुका झिजत जातात. पुन्हा तीच सरासरी.

पण एक चूक सरासरीने सहज जात नाही. स्क्रू आणि त्याचा आधार यांच्यात किंचित तिरकेपणा असेल, तर दर फेऱ्यात पत्रा आधी केसाच्या अंशाइतका पुढे जातो, मग तितकाच मागे पडतो. फेरा संपताना हिशोब बरोबर. पुढच्या फेऱ्यात पुन्हा तेच. अशा पत्र्यातून प्रकाश पाहिला तर खऱ्या तेजस्वी रेषेच्या दोन्ही बाजूंना फिकट खोट्या रेषा दिसतात. शास्त्रज्ञ त्यांना भुतं म्हणतात.

धोका उघड आहे. भुताला खरं मानलंत तर नसलेलं मूलद्रव्य सापडल्याचा दावा कराल. पण भुताचा उपयोगही आहे. ते खऱ्या रेषेपासून किती अंतरावर उभं आहे यावरून चूक किती रेघांनी परत येते हे काढता येतं, आणि तो आकडा स्क्रूच्या एका फेऱ्याशी जुळला की गुन्हेगार सापडला. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही लॉग वाचतो तसंच हे. चूक लपलेली नसते. तिची एक सही असते, ती ओळखता यायला हवी.

मला ती ओळखता आली नव्हती, हे इथे कबूल करतो. आळ घेतल्यावरच्या शनिवारी मी वर्कशॉपमध्ये गेलो. रिकाम्या प्लायवर 500 मिलिमीटरची एक रेघ कापली, टेपने मोजली, 499 भरली. मला वाटलं सापडलं! यंत्राची मोटर एका फेऱ्यात 200 पावलं टाकते, प्रत्येक पावलाचे आठ तुकडे, म्हणजे 1,600. स्क्रूच्या एका फेऱ्यात पातं पाच मिलिमीटर सरकतं. म्हणून एका मिलिमीटरला 320. हा आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरलेला असतो. मी 320 खोडून 320.64 केलं आणि विजयी मुद्रेने पुण्याला परतलो. पुढचं दार आणखी बिघडलं.

कारण टेपचा हूक वाकलेला होता. जी एक मिलिमीटरची चूक मी यंत्रात शोधली ती टेपमध्ये होती, आणि ती मी आता यंत्रात घातली होती. शिवाय मुळात चुकीची सही वेगळी होती. 320 हा आकडा चुकला असता तर दोन्ही दारं सारखीच बिघडली असती. पण पहिलं दार बरोबर होतं, दुसरं बिघडलं होतं. म्हणजे चूक काम चालू असताना वाढत होती. हे दारांवर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी स्क्रीन वाचत होतो.

फीत, आकडे आणि कारागीर

आज आपण ज्याला सीएनसी म्हणतो त्याची सुरुवात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये झाली. जॉन पार्सन्सचा कारखाना हेलिकॉप्टरची पाती बनवत असे. पात्याचा वक्र आकार तपासायला साचे लागत. मोजक्या बिंदूंमधून हाताने वक्र रेषा काढायची, ही रीत. पार्सन्स आणि त्याचा इंजिनिअर फ्रँक स्ट्युलेन यांनी आयबीएमच्या पंचकार्ड यंत्रांवर गणित करून 200 बिंदू काढले. मग एक जण आकडे वाचणार आणि प्रत्येक दिशेच्या चाकावर एकेक कामगार उभा राहून तेवढंच चाक फिरवणार. पुढचा विचार साहजिक होता : हे आकडे थेट यंत्रालाच का देऊ नयेत?

1949 मध्ये अमेरिकन हवाई दलाने पैसे दिले. पार्सन्सने काही काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेला दिलं, आणि हळूहळू प्रकल्पच एमआयटीच्या हातात गेला. 1952 मध्ये तिथे पहिलं यंत्र जगाला दाखवलं. भोकं पाडलेली कागदी फीत, व्हॅक्यूम ट्यूबने भरलेली कपाटं, आणि शेजारी धातू कापणारं यंत्र. महत्त्वाचं म्हणजे त्या यंत्रात फीडबॅक होता. हुकूम गेला की यंत्र खरंच किती सरकलं याची खबर परत यायची, आणि दोन्हींत फरक असेल तर मोटर तो भरून काढायची. त्याच दशकात एमआयटीतच जॉर्ज हॅरिसनने रोलंडसारख्या रेघा ओढणाऱ्या यंत्रावर प्रकाशलहरींनी अंतर मोजायची सोय केली. स्क्रू काय म्हणतो यापेक्षा प्रकाश काय म्हणतो ते ऐकायचं.

पण याच काळात दुसरी एक वाट होती. जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांनी चाळीसच्या दशकात 'रेकॉर्ड-प्लेबॅक' करून पाहिलं होतं. अनुभवी कारागिराने पहिला नग स्वतःच्या हाताने करायचा, यंत्राने त्याच्या हालचाली फितीवर टिपून घ्यायच्या, आणि नंतर त्याच पुन्हा करायच्या. गाणं रेकॉर्ड करावं तसं. ती वाट मागे पडली.

इतिहासकार डेव्हिड नोबलने 1984 च्या 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या पुस्तकात यामागची कारणं शोधली. त्याचं म्हणणं असं, की हा निर्णय फक्त तांत्रिक नव्हता. रेकॉर्ड-प्लेबॅकमध्ये ज्ञान कारागिराच्या हातात राहत होतं. आकड्यांच्या फितीमुळे ते ऑफिसातल्या टेबलावर गेलं, आणि व्यवस्थापनाला तेच हवं होतं. यावर आक्षेप घेता येतात. विमानांचे गुंतागुंतीचे आकार हाताने चाक फिरवून कापणं खरोखर अशक्यप्राय होतं, त्याला आकडेच लागणार होते. तरी ते पुस्तक वाचताना मला अस्वस्थ वाटत होतं. 'मशीन चुकत नाही, प्लाय हलला असणार' हे माझं वाक्य मला माझं वाटत होतं. ते माझ्या जन्माच्या कितीतरी आधी तयार झालेलं होतं.

पेन्सिलची एक रेघ

2009 मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुडने 'जीआरबीएल' नावाचं छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. काहीशे रुपयांच्या आर्डुइनो बोर्डवर ते चालतं आणि फुकट आहे. अशा सॉफ्टवेअरमुळे आणि स्वस्त स्टेपर मोटरमुळे, जे यंत्र एकेकाळी हवाई दलाला परवडायचं ते मामासारख्यांच्या शेडमध्ये आलं. ही फार चांगली गोष्ट घडली. पण किंमत उतरवताना एक गोष्ट गळली : फीडबॅक. स्टेपर मोटरला 'हजार पावलं टाक' असं सांगायचं आणि तिने टाकली असं धरून चालायचं. स्क्रीनवरचा आकडा म्हणजे पातं कुठे आहे हे नव्हे. त्याला कुठे जायला सांगितलं, हे. इतकी साधी गोष्ट कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला कळू नये?

दुसऱ्या वेळी मी गेलो तेव्हा नवीन मोटर घ्यायचा प्रस्ताव घेऊन गेलो. मागे सेन्सर बसवलेल्या, स्वतःची पावलं मोजणाऱ्या महाग मोटर. मिस्त्री आमचं बोलणं ऐकत होते. ते म्हणाले, "दादा, एक बघू का?"

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. पातं जिथून सुरू होतं तिथे खाली टेबलावर एक फुली मारली. मग मोटरचा दांडा आणि स्क्रू यांना जोडणारं कपलिंग असतं, तिथे दांड्यावरून कपलिंगवर जाणारी एक सरळ रेघ ओढली. वाया गेलेला प्लाय लावला आणि म्हणाले, "चालू करा."

चाळीस मिनिटांनी काम संपलं, पातं परत आलं. स्क्रीनवर : एक्स 0.000. टेबलावर : पातं फुलीपासून एक सूत बाजूला. आणि कपलिंगवरची रेघ मधोमध तुटलेली. अर्धी रेघ दांड्यावर, अर्धी कपलिंगवर, मध्ये फट.

कपलिंग आवळणारा बारका ग्रब स्क्रू सैल झाला होता. हलक्या कामात काही होत नव्हतं. जाड लाकडात पात्याला जोर लागला की दांडा कपलिंगच्या आत जरासा घसरायचा. मोटर प्रामाणिकपणे फिरत होती, सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे मोजत होतं, आणि लाकडापर्यंत त्यातलं थोडं पोचतच नव्हतं. माझ्या महाग मोटरचा सेन्सरही मोटरच्या पाठीवर असता. तिने सगळी पावलं बरोबर टाकली असती आणि तसंच कळवलं असतं. खबर आणायची तर ती पात्याजवळून आणायला हवी. मिस्त्रींनी ती फुलीवरून आणली.

एलन की घेऊन स्क्रू आवळायला दोन मिनिटं लागली. 320.64 चं पुन्हा 320 केलं. बाकीचं नंतर शिकलो, तुमच्या कामी येईल म्हणून सांगतो. चूक लांबीच्या प्रमाणात वाढत असेल तर आकडा तपासा, पण आधी टेप तपासा. लांबी कितीही असो, चूक तेवढीच राहत असेल तर पात्याची खरी जाडी मोजा. वर्तुळ कापल्यावर घड्याळाच्या बारा, तीन, सहा, नऊच्या जागी ते चपटं किंवा पायरीसारखं झालं असेल तर दिशा बदलताना नटात ढिलाई आहे. चौकोनाचे दोन कर्ण सारखे नसतील तर यंत्रच गुण्यात नाही. आणि सुरुवात बरोबर, शेवट चुकीचा असेल तर काहीतरी घसरतंय. प्रत्येक भुताची सही वेगळी.

मामाने कापलेले पैसे त्याच दिवशी परत दिले. मी मिस्त्रींची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या दादा, आता कळलं ना." मग थोडं थांबून म्हणाले, "पण तवा इच्यारलं असतंत तर तवाच बघितलं असतं." यावर मला काही उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.

कपलिंगवरची रेघ आता पेन्सिलची नाही. मामाने तिथे पांढऱ्या ऑइलपेंटने पक्की रेघ ओढून घेतली आहे. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी मिस्त्री ती बघतात. स्क्रीन नंतर.